‘पार्वतीप्रसाद’चं शीड

“मचवो?” भागीरथीकाकींनी विचारलं. “माझ्या गलबताक मचवो कोणी म्हटल्यान?”

टिपणीस साहेबांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. कागद मी वाचून दाखवला होता, म्हणजे उत्तरही मीच द्यायचं होतं.

“तसं कोणी म्हटलेलं नाही, काकी,” मी म्हणालो. “पुरावा नसेल तर जहाज सर्वांत लहान वर्गातलं धरायचं, असा नियम आहे. आणि सर्वांत लहान वर्ग म्हणजे मचवा.”

“म्हणजे उद्या तुझो पुरावो हरवलो, तर तुका पाळण्यातलो पोर धरतले?”

शाळेच्या पडवीत जमलेला सगळा गाव हसला. साहेब हसले नाहीत. त्यांनी खिशातून ओव्याची पुडी काढली, चिमूटभर तोंडात टाकली आणि ते वाट पाहत बसले. मुंबईहून निघाल्यापासून एस.टी.ने त्यांच्या पोटाचं काही शिल्लक ठेवलं नव्हतं.

ही बहात्तर सालच्या डिसेंबरातली गोष्ट. गाव देवगड तालुक्यातलं, खाडीच्या मुखावरचं तिवरबंदर. मी सव्वीस वर्षांचा, मूळचा चाळीसगावचा. समुद्र प्रथम पाहिला तो नोकरी लागल्यावर, आणि पाहिला तोही कचेरीच्या गच्चीवरून. पासष्टच्या लढाईत कराची बंदरात जी आपली जहाजं होती, ती तिथल्या सरकारने जप्त केली. माणसं काही महिन्यांनी परत आली, जहाजं आली नाहीत. पुढे आपल्या सरकारने जाहीर केलं की अशा मालकांच्या मालमत्तेची किंमत ठरवून तिच्या चौथ्या हिश्शाएवढी रक्कम द्यायची. किंमत ठरवायला टिपणीस साहेब गावोगाव फिरत, आणि त्यांची बॅग व कागद घेऊन मी.

साहेबांनी पूर्वी गोदीत जहाजं मोजण्याचं काम केलं होतं. निवृत्तीनंतर सरकारने त्यांना पुन्हा बोलावून घेतलं होतं. हाताला लागेल त्यावरच त्यांचा विश्वास. साक्षीदारांचा त्यांना कंटाळा होता, आणि त्याला कारणही होतं. आदल्या गावात एकाने गलबत केवढं होतं ते हात पसरून दाखवताना शेजाऱ्याच्या डोळ्यात बोट घातलं होतं.

भागीरथीकाकींचा ‘पार्वतीप्रसाद’ कालिकतचं लाकूड आणि काथ्या घेऊन कराचीला गेला होता. नवरा लढाईच्या दोन वर्षं आधी वारला, तेव्हापासून गलबताचा कारभार काकीच पाहत. काकींना मूलबाळ नव्हतं. होतं ते गलबत. त्याचे कागद गलबतावरच होते. बंदरावरच्या कचेरीत नोंदवही होती, पण एका पावसाळ्यात कचेरीचं छप्पर उडालं आणि वहीचा लगदा झाला. आता काकी सुके बांगडे विकून राहत होत्या. गलबत म्हणून मंजूर झालं तर बरी रक्कम हाती येणार होती. मचवा ठरला तर आमच्या येण्याजाण्याचा खर्च मिळणाऱ्या रकमेपेक्षा जास्त भरला असता.

“भागीरथीबाई,” साहेब म्हणाले, “जहाजाची एखादी वस्तू आहे का तुमच्याकडे? नांगर, सुकाणू, डोलकाठी?”

“ता सगळा गलबतावर. गलबत काय कोण सुटा करून धाडता?”

“काहीच नाही?”

“शीड होता,” मागून कोणीतरी म्हणालं.

बोलणारा गणू मोर्जे होता, गलबतावरचा भंडारी, म्हणजे स्वयंपाकी. बोलून झाल्यावर त्याने जीभ चावली. सगळा गाव काकींकडे पाहू लागला.

साहेब मात्र ताठ बसले. “शीड? कोणतं शीड?”

गणूने सांगितलं ते असं. दरवर्षी नारळी पुनवेला गलबत नवं थोरलं शीड घेऊन निघे. गेल्या वर्षीचं शीड मालकाच्या माळ्यावर राही, अडीअडचणीला. ‘पार्वतीप्रसाद’ शेवटचा गेला तेव्हाही जुनं शीड घरीच होतं.

साहेबांच्या चेहऱ्यावर मी प्रथमच रंग पाहिला. “खैरनार, लिहून घ्या. तोंडाने जहाज वाटेल तेवढं मोठं करता येतं. शीड तेवढं मोठं केलं तर जहाज उलटतं. शिडाच्या कडा मला मोजू द्या, मी जहाज सांगतो. कुठे आहे ते?”

काकी पायाच्या अंगठ्याकडे बघत राहिल्या.

“वाटलंय,” त्या म्हणाल्या.

“वाटलंत म्हणजे?”

“वाटे घातलंय तेचे. कापून.”

गलबतावर पगार नसतो. फेरीहून गलबत परत आलं की हिशेब होतो आणि मिळकतीचे वाटे पडतात. आधी गलबताचा वाटा, मग तांडेलाचे, म्हणजे गलबताच्या कप्तानाचे, दोन, मग प्रत्येक खलाशाचा एक. पहिल्यांदाच दर्यावर गेलेल्या नवशिक्याला अर्धा. लढाईनंतर माणसं रिकाम्या हातांनी परत आली, तेव्हा पावसाळा तोंडावर होता आणि निम्म्यांच्या घरांवर धड छप्परही नव्हतं. काकींच्या हातात द्यायला दुसरं काही नव्हतं. त्यांनी माळ्यावरून शीड काढलं, अंगणात पसरलं आणि वाट्यांप्रमाणे कोयत्याने कापलं. स्वतःला चिंधीसुद्धा ठेवली नाही.

“गलबतच नाय, तर गलबताचो वाटो कसलो?” त्या म्हणाल्या.

साहेबांनी टोपण उघडलेलं पेन पुन्हा बंद केलं. “उद्या सकाळच्या पहिल्या गाडीने मला निघायचंय. आज सूर्य मावळेपर्यंत ते शीड मला पुरतं दाखवलंत तर मोजेन. तुकडे तुकडे दाखवू नका. अंदाज मी लिहीत नाही.”

काकी उठल्या. पदर खोचला. “गणू, ओहोटी कधी सुरू झाली?”

“झाली मगाशीच.”

“मगे बघतंस काय? पुळणीर आणा सगळे.”

पुळण म्हणजे वाळूचा किनारा. ओहोटीने तो ओला, सपाट आणि लांबरुंद उघडा पडला होता. तिथे दुपारी जे काही येऊ लागलं, ते मी जन्मात विसरणार नाही.

गणूचा तुकडा गोठ्यावरून आला, त्याला शेणाचा वास आणि एक कोंबडी चिकटून होती. एकाचा तुकडा कोकमं वाळवायला होता, तो जांभळा झाला होता. एकाचा हळदीने पिवळा. गावातली चार लग्नं त्याच्या मांडवाखाली लागली होती आणि त्यातल्या दोन नवऱ्या मुली तो तुकडा एकेका टोकाला धरून घेऊन आल्या. एक दशावतारी मंडळींनी पडद्याला नेला होता, त्यावर रावणाचा राजवाडा रंगवलेला. आणि एका तुकड्याला मधोमध दोन मोठी भोकं होती.

“हे काय?” साहेबांनी विचारलं.

त्या तुकड्याचा धनी, बाबी नावाचा आडदांड खलाशी, पाय जवळ घेऊन उभा राहिला. “चड्डी शिवलंय साहेबानू. दोन.”

“कुठे आहेत त्या?”

“एक फाटली.”

“आणि दुसरी?”

बाबीने सदरा थोडा खाली ओढला. दोघी नवऱ्या मुलींनी पदर तोंडाला लावले.

“मोजणीसाठी काढून देण्याची गरज नाही,” साहेब म्हणाले. “भोकं कडेला नाहीत.”

तुकडे जुळवायला सुरुवात झाली आणि तासाभरात भांडणंही सुरू झाली. कोणाचा कुठला ते कोणालाच आठवेना. उन्हाने काही आटले होते, काही ओढून ताणले गेले होते. गणू म्हणे राजवाडा मधे, बाबी म्हणे राजवाडा खाली. मी कागद सांभाळत बाजूला उभा होतो. उभा राहायलाच हवा होतो, मी सरकारी माणूस. पण माझे वडील चाळीसगावच्या स्टेशनरोडवर शिंपी. शिवण उलटी लागताना मुकाट्याने बघणं हे आमच्या घरात कोणाला जमलेलं नाही.

“अहो, तो तुकडा फिरवा,” मी म्हणालो. “त्याची शिवण उजवीकडे दुमडलीय, शेजारच्याची डावीकडे. असं एका कापडात होत नाही.”

“खयसून कळला तुका?” काकींनी विचारलं.

“सुईची भोकं बघा. इथे दाट आहेत, इथे विरळ. दाटाला दाट लागलं पाहिजे.”

मग कसं झालं ते सांगता येणार नाही, पण थोड्या वेळाने माझ्या पायांत चपला नव्हत्या, बाह्या दुमडलेल्या होत्या आणि हातात दाभण होता. काकी समोर बसून दुसऱ्या बाजूने टाके घालत होत्या. दोन्ही बाजूंना गावातल्या बायका ओळीने बसल्या होत्या आणि माझ्या टाक्यांना नावं ठेवत होत्या.

“झिला, तुझी बायल नशीबवान.”

“लग्न नाही झालं अजून.”

“आसां? मगे हो टाको उसव आणि परत घाल. आमच्या गावात लग्नाची चेडवा मोप आसत, ती टाके बघून घोव पसंत करतत.”

वर पाहिलं तर साहेब उभे होते. छत्री उघडलेली, पॅण्ट गुडघ्यापर्यंत वर.

“खैरनार, तुम्ही सरकारकडून आहात की अर्जदाराकडून?”

मी उठू लागलो. काकी म्हणाल्या, “तो शिंप्याकडसून आसा, साहेबानू. बसांदेत तेका.”

साहेबांनी थोडा विचार केला. मग म्हणाले, “मोजायची वस्तू नीट मांडणं हा मोजणीचाच भाग आहे. बसा. पण ताणून शिवू नका. एक बोटसुद्धा ताणलेलं मला चालणार नाही.”

उन्हं कलली तेव्हा शीड दिसू लागलं. गोठा, कोकम, हळद, रावण, सगळं एकमेकांना धरून वाळूत पसरलं होतं. आणि टोक नव्हतं. शिडाचं वरचं निमुळतं टोक, जिथून दोन लांब कडा खाली येतात, तिथे नुसती वाळू.

“हे कुठे आहे?” साहेबांनी विचारलं.

गणूने खाडीपलीकडे हनुवटी उडवली. “दाजीकडे.”

दाजी तारी हा ‘पार्वतीप्रसाद’चा तांडेल. दोन वाट्यांचा धनी, म्हणून टोक त्याच्याकडे. तो खाडीच्या त्या काठाला राहत होता आणि काकींशी बोलत नव्हता. तिकडच्या कैदेतून सुटून आला तेव्हा तो घरी जाण्याआधी काकींच्या दारात आला. काकींनी उंबऱ्यातूनच विचारलं, “गलबत खंय ठेवलंस?” दाजी चढलेली पायरी खाली उतरला आणि तसाच होडीत बसून पलीकडे गेला. त्याचा वाटा काकींनी गणूच्या हाती पाठवला. त्याने तो ठेवून घेतला आणि निरोप पाठवला की बोलावणं आल्याशिवाय मी येणार नाही.

“हाक मार गो काकी,” गणू म्हणाला. “खाडी केवडी ती! ऐकाक जायत.”

“मी मारूचंय नाय. तेका येवचा आसात तर येयत.”

“बोलावणा व्हया म्हणता तो.”

“बोलावणा? मी काय तेचा लगीन लावतंय?”

“मी जातंय. तुझा नाव सांगून घेवन येतंय.”

“माझा नाव घेतलंस तर परत माझ्या दारात पेज मागूक येव नको.”

पाणी परतू लागलं होतं. भरतीची पहिली पातळ लाट रावणाच्या राजवाड्यापासून बरीच लांब होती, पण तिचं तोंड इकडेच होतं. साहेबांनी घड्याळ पाहिलं आणि खेदाने मान हलवली. टोकाशिवाय कडा नाहीत आणि कडांशिवाय गलबत नाही. मी एवढंच म्हणालो, “काकी, मचवा लिहावा लागेल हो.”

काकींनी दाभण वाळूत खोचला, उठल्या आणि घराकडे गेल्या. मला वाटलं, त्यांनी नाद सोडला.

त्या परत आल्या त्या एक लाल कापड घेऊन. कापडाच्या घड्या पांढऱ्या पडल्या होत्या. बाबीच्या हातातला बांबू त्यांनी ओढून घेतला, कापड त्याला बांधलं आणि बांबू वाळूत रोवून उभा केला. खाडीवरच्या वाऱ्याने लाल कापड उलगडलं.

गणूच्या तोंडातली विडी खाली पडली.

मला काही कळलं नाही. पण मी पाहिलं की शिडाभोवती बसलेले ते सगळे पुरुष एकेक करून उभे राहिले. कोणी हात पुसले, कोणी डोक्याला फडकं बांधलं. बाबी तर चार पावलं घराकडे निघालाही होता. “खंय चललंस?” कोणीतरी विचारलं. तो थांबला, लाजला. “वळकटी आणूक,” म्हणाला.

तो बावटा होता. गलबत निघायच्या दिवशी मालकाच्या दारात लाल बावटा लागे. तो दिसला की ज्या वाडीत जो खलाशी असेल त्याने हातातलं काम टाकून अंथरूण-वळकटी घेऊन बंदरावर हजर व्हायचं. मालकाशी भांडण असो, घरात पाहुणे असोत, बावट्याला नाही म्हणत नाहीत. बावटा हे मालकाचं बोलावणं नसतं, ते गलबताचं बोलावणं असतं. ‘पार्वतीप्रसाद’ गेल्यापासून तो एकदाही लागला नव्हता.

सगळे खाडीपलीकडे बघत राहिले. तिथे माड, माडांखाली दोन घरं, काठावर उलट्या ठेवलेल्या होड्या. काहीच हललं नाही. लाट आणखी पुढे आली.

मग माडांच्या सावलीतून एक लहान होडी बाहेर आली. वारा मिळाल्यावर तिचं शीड फुगलं आणि उन्हात आलं. पिवळट, जाड, अंगाने होडीला जरा मोठंच.

“आये गो,” गणू म्हणाला. “तोच तो तुकडो!”

गावाने त्या शिडाचे गोठे केले, मांडव केले, चड्ड्या केल्या. दाजीने त्याचं शीडच ठेवलं होतं.

होडी वाळूला लागली. दाजी उतरला. बुटका, छाती भरलेली, मिशा पांढऱ्या. काखेत खरोखरच वळकटी होती. त्याने काकींकडे पाहिलं नाही. बावट्याकडे पाहून कपाळाला हात लावला.

“सात वर्सा तोंड नाय दाखवलंस,” काकी म्हणाल्या. त्याही त्याच्याकडे पाहत नव्हत्या.

“तुया बोलावलंस खंय?”

“आता तरी खंय बोलावलंय?”

“मी काय तुझ्यासाठी नाय इलंय. बावटो दिसलो म्हणान इलंय.”

“बरा केलंस. शीड उतरव. साहेब खोळंबलेत.”

दाजीने शीड सोडवलं. सोडवता सोडवता, पाठ काकींकडे करूनच तो म्हणाला, “गलबत खंय ठेवलंय म्हणान इचारलं होतंस. नांगरार ठेवलंय. दोन नांगर टाकून, शिडा गुंडाळून, सगळा धुऊन ठेवलंय. बंदुका घेवन उभे होते तरी धुतल्याशिवाय उतराक नाय. ता सांगूक इल्लंय तुझ्या दारात.”

काकींनी शिडाचं एक टोक हातात घेतलं, दुसरं त्याने धरलं, आणि दोघं ते वाळूवर घेऊन आले. शेवटचे टाके मी आणि काकींनी घातले. काकींच्या डोळ्यांना सुई दिसत नव्हती, पण त्यांनी ती मला ओवू दिली नाही.

मग शीड पुरतं पसरलं. गावातलं देऊळ त्याच्याखाली झाकलं गेलं असतं. लाट टोकाला येऊन टेकली तसे साहेब छत्री टाकून धावले. मी फीत धरली. त्यांनी एक कड मोजली, दुसरी मोजली, तिसरी दोनदा मोजली. वाळूत उकिडवे बसून त्यांनी हिशेब केला, आणि चष्मा काढून पुसला.

“भागीरथीबाई, अर्जात तुम्ही गलबत साठ टनांचं लिहिलंय.”

“व्हय.”

“हे शीड साठ टनांच्या गलबताचं नाही.”

काकींचा हात बांबूला घट्ट लागला.

“साठ टनांच्या गलबताला हे चढवलं तर ते बंदरातच आडवं होईल,” साहेब म्हणाले. “हे गलबत ऐंशीच्या खाली नव्हतं. तुम्ही साठ का लिहिलंत?”

आता काकी वाळूकडे बघू लागल्या. गणू आकाशाकडे बघू लागला. दाजीने घसा साफ केला.

“बंदरावर आमी साठच सांगत होतो,” काकी अगदी हळू म्हणाल्या. “टनावर पट्टी भरूची लागता ना. सगळेच वायच कमी सांगत. सांगान सांगान तोच आकडो तोंडात बसलो, तोच लिवलो.”

साहेबांच्या पोटातून काहीतरी वर येऊ लागलं. मी ओव्याची पुडी शोधू लागलो. पण ते हसू होतं. दोन वर्षं मी त्यांच्याबरोबर फिरत होतो, ते हसताना खांदे हलतात हे मला ठाऊक नव्हतं.

“दोन वर्षांत,” ते डोळे पुसत म्हणाले, “स्वतःचं जहाज लहान करून सांगणारी ही पहिलीच मालकीण. बाई, मागितल्यापेक्षा जास्त देण्याचा मला अधिकार नाही. पट्टीचं तुमचं तुम्ही जाणा, तो माझा विभाग नव्हे. खैरनार, लिहा: अर्जदाराचं गलबत, साठ टन, पूर्ण मान्य.”

आरडाओरडा एवढा झाला की कोंबडी उडून होडीत बसली. दोघी नवऱ्या मुलींनी बाबीला धरून फुगडी घातली, चड्डीसकट.

“काकी,” गणू ओरडला, “वीस टन पाण्यात गेले गो!”

“गप रव. वीस वर्सा त्याच टनांचा जेवलंस.”

भरती आली तेव्हा सगळ्यांनी शीड उचलून वर नेलं. साहेब काकींशेजारून चालत होते. त्यांनी विचारलं, “कुठे असेल हो आता ते गलबत?”

“चलत आसतला खंय तरी,” काकी म्हणाल्या. “चांगला गलबत मालकाक बघून चलना नाय, साहेबानू. वाऱ्याक बघून चलता.”

पुढच्या वर्षी रक्कम मंजूर झाली. ती पोहोचल्याचं कळलं तसा काकींचा निरोप आला: हिशेब आहे, ये. कसला हिशेब ते कळलं नाही. मी रजा काढून गेलो.

पुळणीवर तीच माणसं गोल करून बसली होती. मधे काकी, त्यांच्यासमोर पैसे, आणि वाळूत रोवलेला तोच बावटा. तेव्हा मला समजलं. गलबत परत आल्यावरच हिशेब होतो, आणि हिशेब झाल्याशिवाय फेरी संपत नाही. कराचीची ती फेरी त्यांच्या लेखी अजून चालूच होती. त्या बाईला पैसे हवे होते ते वाटायला. ती आठ वर्षं आपली माणसं घरी पोहोचण्याची वाट पाहत होती.

त्यांनी सगळी रक्कम माणसांत वाटायला घेतली. दाजीने त्यांच्या हातावर हात ठेवला.

“आधी गलबताचो वाटो.”

“गलबत खंय आसा?”

“बांधूया नि. ल्हान बांधूया. पण नाव तेच.”

“तांडेल कोण?”

“तुका दुसरो कोण गावतलो?”

“तोंड दाखवशीत तर बघूया,” काकी म्हणाल्या, आणि निम्मी रक्कम बाजूला काढली. मग तांडेलाचे दोन वाटे, मग एकेकाचा एक. पैसे हातात पडताच प्रत्येकाने ते कपाळाला लावले. गणूने हात वर करून ओरडून सांगितलं, “फेरी पावली!” आणि बाकीच्यांनी ते पुन्हा ओरडून म्हटलं. शेवटी काकींनी बावटा उतरवला आणि त्याची घडी केली.

घडी करता करता त्या थांबल्या. “एक रवलो.”

सगळे इकडेतिकडे बघू लागले.

“हो शिंपी,” काकी म्हणाल्या. “पयल्यांदाच इल्लो, म्हणान अर्धो.”

“काकी, मी सरकारी माणूस. मला पैसे चालत नाहीत.”

“पैशे कोण देता तुका? तुझे टाके बघून पैशे देव?” त्यांनी मागून एक गुंडाळी काढली आणि माझ्या मांडीवर ठेवली. शिडाचा तुकडा होता, धुतलेला. आमच्या दोघांच्या शिवणीचा. एका बाजूला माझे टाके, एका बाजूला त्यांचे.

पुढे माझ्या दोन्ही मुलींच्या झोळ्या त्याच कापडाच्या झाल्या. चाळीसगावात, समुद्रापासून इतक्या दूर, झोका दिला की त्या कापडातून खारट वास यायचा. धाकटीने एकदा विचारलं, “बाबा, तुम्ही खरंच गलबतावर होतात?”

“होतो,” मी म्हणालो. “अर्धा वाटा मिळाला होता.”